इलारियोन मास्तरांचा नंबर

एल आल्तो,
२२ जानेवारी

ती. ताईस,
झेनोनचा शि. सा. न. वि. वि.

तोरिबियो ड्रायव्हरच्या हाती फोन पाठवला आहे. बस गावात आली की तू स्वतः जाऊन घे. तोरिबियो माणूस चांगला, पण मागच्या खेपेला त्याने आपल्या पार्सलवर कोणाची तरी मेंढी बसवली होती. फोनला मेंढी सोसत नाही.

तुझा नंबर फोनच्या पाठीमागे चिकटपट्टीवर लिहिला आहे. आता उपयोगाच्या गोष्टी सांगतो, नीट वाच. हिरवं बटण म्हणजे बोल, लाल म्हणजे पुरे. बोलताना ओरडू नकोस. एल आल्तो लांब आहे खरं, पण ते अंतर फोन बघून घेतो. चार्जिंगला लावशील तेव्हा चुलीपासून लांब ठेव. पाठीवरच्या कापडात बटाट्यांबरोबर बांधू नकोस. तुला बक्षिसात गाडी लागली असं कोणी कळवलं, तर ती लागलेली नाही.

आणि मुख्य गोष्ट. कार्निव्हलच्या मंगळवारी तू पाचामामाचं नाव घेऊन छपरावर, गाईवर आणि रेडिओवर बिअर शिंपडतेस, त्यात फोन घेऊ नकोस. धरतीमातेबद्दल मला आदरच आहे. पण गेल्या वर्षी आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी नव्या फोनांना असा मान दिला आणि बुधवारी दुरुस्तीवाल्याकडे रांग लागली.

तू येण्याबद्दल विचारलंस. नर्तकांच्या पोशाखांवर जरतार भरता भरता माझी मान वाकडी झाली आहे. यंदाही जमणार नाही. पंचांनी पुन्हा विचारलं तर सांग, सान आंद्रेसच्या उत्सवाचं यजमानपण आपलं लारूता घर घेईल, अवश्य घेईल. सध्या भाऊ कामात आहे. आता फोन आला, तेव्हा पत्रांची कटकट संपली. हे शेवटचं पत्र समज, लोभ मात्र शेवटचा समजू नकोस.

तुझा,
झेनोन

*

विलापाता,
२६ फेब्रुवारी

चि. झेनोन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

शेवटचं पत्र लिहून तुला महिना झाला, म्हणून हे त्याच्या पुढचं.

फोन पोचला. मेंढी नव्हती, कोंबड्या होत्या. तुझा उपदेशाचा कागद भिंतीला खिळ्याने ठोकून ठेवला आहे. बिअर शिंपडू नको म्हणालास, मी बिअरचा थेंब शिंपडला नाही. पांढरी दारू शिंपडली. दवाखान्यात सुई टोचण्याआधी तसलंच काहीतरी लावतात, म्हणजे ती स्वच्छच असणार. जुन्या रेडिओला मान आणि घरात नव्याने आलेल्याला नाही, हे बरं दिसलं नसतं. फोनला काही झालं नाही. फक्त आवाज कमी करायचं बटण आत गेलं ते बाहेर आलं नाही. आता तो वाजला की गोठ्यात गाय उठून उभी राहते.

आणि वाजतो फार. तुझ्याशी बोलायला म्हणून दिलास, तुझा एकही लागला नाही, मी लावला की तुझा व्यस्त, बाकी मुलखाचे लागतात. सगळ्यांना बँड हवा आहे. कोणाला लग्नाला, कोणाला नव्या छपराला, कोणाला पोराच्या जावळाला. रेलाम्पागो बँड का, इलारियोन मास्तरांना द्या, म्हणतात. मी सांगते, इथे मास्तर नाहीत, बँड नाही, एक गाय आहे. काही जण ठेवतात. काही जण माझीच समजूत घालतात, की बाई, थट्टा पुरे, मास्तरांना हाक मारा.

परवा एकाने मी कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, आधी तू कोण ते सांग. तर म्हणतो, आवाज ओळखलाय मी तुझा, लाज नाही वाटत, आणि उभ्या जन्मात तुला धड सूप करता आलं नाही. झेनोन, माझं सूप त्याने कुठे प्यायलं? दुसऱ्या दिवशी दुसराच कोणी. तो रडकुंडीला आला होता. वहिनी, निदान मेलेल्याची तरी चाड ठेवा, म्हणाला. मला दीर नाही रे बाबा, म्हटलं, तर फोन आपटला.

पंच येऊन गेले. तुझा निरोप सांगितला. ते म्हणाले, हा निरोप आम्हाला पाठ आहे. मग त्यांनी कोकाची पानं चघळली आणि गेले. मी कुठे तोंड लपवू तेही तुझ्या पुढच्या कागदात लिही.

भावजयीला, बासिलियाला, आशीर्वाद. तुझ्यावर राग आहे, पण तो मायेच्या वर नाही, खालीच आहे.

तुझी,
फिदेलिया

*

एल आल्तो,
१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोज तुला फोन लावतो आणि रोज तो व्यस्त असतो. एक बाई फार अदबीने सांगते, थोड्या वेळाने प्रयत्न करा. त्या बाईशी आताशा माझं तुझ्यापेक्षा जास्त बोलणं होतं. तेव्हा पुन्हा तोरिबियो.

पांढऱ्या दारूबद्दल मी काही लिहीत नाही.

प्रकार साधा आहे. एखाद्याने बरेच महिने नंबर वापरला नाही की कंपनी तो काढून दुसऱ्याला देते, भाड्याच्या खोलीसारखा. तुझ्या खोलीत आधी बँडवाला राहत होता, इतकंच. अनोळखी नंबरावर बोट दाबून धर. खाली यादी उघडेल, त्यात तो नंबर कायमचा बंद करायची सोय असते. तो माणूस मग जन्मात तुझ्यापर्यंत पोचत नाही. मी आजवर एक गाद्या विकणारा, बासिलियाचा मावसभाऊ आणि चुकून माझ्या दुकानाचा मालक, असे तिघे बंद केले आहेत. फार शांत वाटतं.

तुझा समज आहे की शहरात माणसं दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. ताई, बासिलिया मला जेवायला ये म्हणून स्वयंपाकघरातून मेसेज पाठवते. मध्ये एक पडदा आहे. मी आलो असं उत्तर पाठवतो आणि मग उठतो. आपला चुलतभाऊ एउफ्रोनियो रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांना गुलाबाचं चित्र आणि देवाचा आशीर्वाद पाठवतो. इतके गुलाब साठले की आईच्या फोटोला फोनमध्ये जागा उरेना, म्हणून रविवारी मी गुलाब खोडत बसतो. मध्यंतरी तो जिन्यावरून पडून पाय मोडून अंथरुणाला खिळला होता, हे मला गल्लीतल्या टोप्या विकणाऱ्याकडून कळलं. गुलाब चालूच होते.

पंचांना सांग, पोशाखांची मोठी ऑर्डर आली आहे. हे खरंच आहे. तुझा राग खालीच राहू दे.

तुझा,
झेनोन

*

विलापाता,
२१ एप्रिल

चि. झेनोन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून एकाला बंद करून पाहिलं. दिवसभर चैन पडेना. दारात आलेल्याला पाणीही न विचारता कडी घातल्यासारखं झालं. संध्याकाळी त्याला उघडला. ते कसं करायचं हे तू लिहिलं नव्हतंस, मला बराच वेळ लागला.

आता मी काय केलं ते वाच. वाचताना बसून घे.

काल्यापात्याहून आगापिता नावाच्या बाईचा फोन आला. तिथल्या सान पेद्रोच्या उत्सवाचे यंदाचे यजमान ती आणि तिचा नवरा नासारियो. नवऱ्याची छाती खाणीत गेली. आता तो खुर्चीत बसतो आणि खोकतो. उत्सवाला बँड आणायचा तर रेलाम्पागोच, असं त्याने धरून ठेवलंय, कारण त्यांच्या लग्नात तोच बँड होता. दुसऱ्या दोन बँडवाल्यांना त्याने नको म्हणून सांगितलं. रोज सकाळी विचारतो, मास्तर हो म्हणाले का. गावात नवीन मंडळी म्हणतात, यांना बँड मिळत नाही, यांनी यजमानपण घ्यायलाच नको होतं. बाई रडत होती. मी सांगणार होते, बाई, चुकीचा नंबर. अगदी ओठावर होतं. आणि मी म्हणाले, हो, येतील.

ती म्हणाली, कोण बोलतंय, त्यांना नाव सांगते. मी नाव सांगितलं. फिदेलिया लारूता, विलापात्याची.

आता नाव दिलं म्हणजे शब्द दिला. २९ जूनला ते दोघं चौकात सगळ्या गावासमोर उभे राहतील, आणि बँड आला नाही तर तो माणूस मान खाली घालूनच मरेल. आणि मला आयुष्यभर कळणार, की ती कोणामुळे खाली गेली. लारूतांचं नाव आपल्या गावात राहिलेलंच नाही, निदान परक्या गावात तरी राहू दे. तू शहरात आहेस. बँडवाले तुझ्याकडे जॅकेटं भरून घ्यायला येतात. मास्तरांना शोध.

फोनची टीप विचारायची आहे: दिलेला शब्द खोडायचं बटण कुठे असतं? असेल तर सांगू नकोस.

तुझी,
फिदेलिया

*

एल आल्तो,
५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी बसलेला होतो तो उभा राहिलो. काय बोललो ते बासिलियाने ऐकलं आहे, तुला लिहीत नाही. मग टोपी घातली आणि बँडवाल्यांच्या गल्लीत गेलो.

इलारियोन मास्तर गेल्या मे महिन्यात वारले. हे एक. दुसरं असं, की त्यांना दोन मुलगे आहेत, रुफिनो आणि ग्वाल्बेर्तो, आणि ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. रुफिनोने ट्रॉम्बोन आणि तुबा कुलपात ठेवलेत. ग्वाल्बेर्तोकडे मोठा ढोल आहे. बँड बुडाला. वादक पांगले.

दोघांकडे वेगवेगळा गेलो, दोघांनी वेगवेगळा कोकाचा काढा पाजला आणि एकच हकिकत सांगितली. मास्तर गेले तेव्हा रीतीप्रमाणे त्यांना लागणाऱ्या वस्तू शवपेटीत ठेवल्या. टोपी, कोका, सिगारेटी, ट्रम्पेटचं तोंड. आणि फोन, पूर्ण चार्ज करून. तिकडे गैरसोय नको म्हणून. सगळ्या बँडचं काम त्या एका नंबरावर यायचं, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुःखात होते. मातीत फोन काही दिवस वाजला म्हणतात, मग थांबला.

पुढे कामं येईनात. दोघं वाट बघत बसले. मग कोणीतरी रुफिनोला सांगितलं, तुझ्या बापाचा नंबर चालू झालाय, एक बाई उचलते आणि बँड नाही म्हणून सांगते. रुफिनोने स्वतः फोन केला. बाई बोलली. त्याला कळून चुकलं, की ग्वाल्बेर्तोने झाकण लावायच्या आधी फोन काढून घेतला, आता त्याची बायको गिऱ्हाइकांना रुफिनोकडून तोडते आणि चोरून आपल्या नवऱ्याकडे वळवते. इकडे ग्वाल्बेर्तोनेही फोन केला. त्यानेही बाईचा आवाज ओळखला. ती रुफिनोची बायको. त्याची खात्री आहे.

ताई, ते सूप तुझं नव्हतं.

मी दोघांना खरं सांगितलं. दोघंही म्हणाले, पढवून पाठवलेला दिसतोस. त्यांचे नंबर मागच्या पानावर लिहिले आहेत. मी एवढंच करू शकलो. आगापिताबाईला खरं काय ते कळवून टाक, अजून वेळ आहे.

तुझा,
झेनोन

*

विलापाता,
२२ मे

चि. झेनोन यास,
अनेक आशीर्वाद.

कळवलं नाही. रुफिनोला फोन केला. मी नुसतं नमस्कार म्हणेपर्यंत त्याने मला भावजय समजून झोडपायला सुरुवात केली. त्याचं संपेपर्यंत थांबले आणि म्हटलं, या रविवारच्या बसने विलापात्याला ये, माझं सूप पी, आणि मग बोल. ग्वाल्बेर्तोलाही तेच सांगितलं. दोघांनाही वाटलं, आता चोरी पकडतो. दोघंही आले. एक तोरिबियोच्या शेजारी बसून, एक अगदी मागच्या बाकावर. तोरिबियो म्हणाला, इतकी गप्प बस मी जन्मात चालवली नाही.

मी दारात फोन घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, ओळखा आवाज. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा बघत असतील. तेवढ्यात फोन वाजला. गाय उठली. मी उचलला, कोणाला तरी सप्टेंबरात लग्नाला बँड हवा होता. मी तो त्यांच्यासमोर धरला. रुफिनोने हात पुढे केला आणि मागे घेतला. ग्वाल्बेर्तो भिंतीला टेकून मोठ्याने रडला, लहान मुलासारखा. म्हणाला, बाबांचंच काम येत होतं, आम्ही दोघं उपाशी बसलो. मीही रडले. फोनवरचा माणूस तारीख विचारत होता, त्याला मी थांबायला सांगितलं.

एकमेकांची माफी त्यांनी मागितली नाही. जेवताना रुफिनोने आपल्या ताटलीतले चुन्यो बटाटे भावाच्या ताटलीत लोटले, तेवढंच. सूप दोघांनी दोनदा घेतलं.

जाताना रुफिनो म्हणाला, ताई, नंबर आम्हाला परत द्या. मी नाही म्हटलं. नंबर माझ्या भावाने मला दिलाय. आणि तुमच्यापैकी एकाच्या हाती दिला तर दुसरा पुन्हा फोन करून माझ्या सुपाची चौकशी करेल. कामं मी घेईन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी जोडीने यायचं आणि तारखा घेऊन जायच्या. एकटा आला तर दार उघडणार नाही. ते हो म्हणाले.

भावाभावांनी जोडीने दारात यावं हे बघायला बरं वाटतं. आपल्या दारात तसं होऊन किती दिवस झाले ते मी मोजत नाही.

तुझी,
फिदेलिया

*

एल आल्तो,
१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. वादक पुरेसे जमत नाहीत. तीन तुबावाले दुसऱ्या बँडांत गेले, झांजवाल्याने केशकर्तनालय उघडलं आहे. पण रुफिनो आणि ग्वाल्बेर्तो दारोदार जोडीने फिरतात, आणि लोक वादनासाठी नाही, तरी ते दृश्य बघण्यासाठी दार उघडतात. झांजवाला सुट्टी घेऊन येतो म्हणाला.

जॅकेटांचे रंग जमेनात, म्हणून सगळी नवी मीच भरतो आहे. पाठीवर वीज काढली आहे, रेलाम्पागो म्हणजे वीजच. ढोलावर नवा नंबर रंगवायचा का, असं विचारत होते. मी म्हटलं, नंबर जुनाच आहे, माणूस नवा.

बासिलिया म्हणते, जॅकेटं काल्यापात्याला स्वतः घेऊन जा, ताई भेटेल. तोरिबियोच्या हाती पाठवतो. मेंढ्यांचं त्याला बजावलं आहे.

तुझा,
झेनोन

*

विलापाता,
४ जुलै

चि. झेनोन यास,
अनेक आशीर्वाद.

बँड आला.

सकाळी नव्हता. मी आदल्या दिवशीच काल्यापात्याला जाऊन राहिले होते. शब्द माझा होता, तेव्हा मोडताना तरी समोर असावं. चौकात जूनची थंडी मी म्हणत होती. नासारियोला खुर्चीसकट आणून बसवलं होतं, अंगावर दोन घोंगड्या. माणसं आपसात बोलत होती, ऐकू जाईल इतपत. आगापिताबाई दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायची आणि मी फोनकडे बघायची. त्या दिवशी तो एकदाही वाजला नाही.

मग वळणावरून ढोल ऐकू आला. ट्रक वाटेत बंद पडला होता, ते ढकलत आणि वाजवत आले. संख्येने कमीच होते. झांजवाल्याच्या खिशात कंगवा होता. पण पाठीवरच्या विजा लांबून दिसत होत्या, झेनोन. हात आईचाच आहे तुझा.

नासारियोने टोपी काढली. त्याने आगापिताबाईला हात दिला आणि उठून उभा राहिला. नाचला नाही, नुसता उभा राहून डावीकडे उजवीकडे हलला, गाणं संपेपर्यंत. ती त्याला धरून रडत होती आणि हसत होती. मग तो बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, रेलाम्पागो.

आपल्या गावचे पंच आले होते. त्यांनी सगळं पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाले, फिदेलिया, परक्या गावाला तू बँड आणून दिलास. आपल्या उत्सवाचा विषय त्यांनी काढला नाही. चांगली माणसं आहेत.

मी आता तुला विचारणार नाही. तीस वर्षं विचारलं. पत्राच्या शेवटी तेच लिहायची सवय लागली होती, म्हणून शेवट कसा करायचा ते सुचत नाही. खुशाल राहा.

तुझी,
फिदेलिया

*

एल आल्तो,
२१ जुलै

ती. ताईस,
झेनोनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस जवळ ठेवलं. शेवटी विचारलेलं नसलं की पत्र किती मोठं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

मग अभिनंदन करावं म्हणून फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. त्या अदबीच्या बाईने थोड्या वेळाने प्रयत्न करायला सांगितलं. तिला बंद करता येत नाही, मी करून पाहिलं. मंगळवारी सकाळी मात्र लागला. जानेवारीपासून पहिल्यांदा. तू उचललास आणि मी ताई म्हणायच्या आत विचारलंस, रेलाम्पागो बँड, कोणती तारीख.

आवाज अगदी कामाचा होता. आधी सांगायला हवं होतं की मी आहे. पण मला वाटलं, एवढ्या मुश्किलीने लागलेला फोन फुकट का घालवा. मी तारीख सांगितली. तीस नोव्हेंबर. तू विचारलंस, कोणतं गाव. मी म्हटलं, विलापाता, सान आंद्रेसचा उत्सव. तू विचारलंस, यजमानांचं नाव काय. मी म्हटलं, झेनोन लारूता आणि बासिलिया.

मला वाटलं, फोन बंद पडला. कान लावून ऐकलं तर तुझी गाय ओरडत होती. मग तू म्हणालीस, ती तारीख मोकळी आहे, आणि लाल बटण दाबलंस.

पंचांना मी वेगळं लिहीत नाही, तू सांग. जॅकेटं या वेळी मी स्वतः घेऊन येतो, तोरिबियोच्या शेजारी बसून. आता लोभाची विनंती करत नाही, समोर येऊनच करीन.

तुझा,
झेनोन